घरातल्या युद्धपदकाचा माग: कोणती सेवा कामाची, कुठे पैसे वाया

पणजोबांचं पदक हाती लागलं की पहिला मोह होतो तो अ‍ॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या संकेतस्थळांची वर्षाची वर्गणी भरण्याचा. निदान सुरुवातीला तरी भरू नका. ब्रिटिश शिपायाचा माग काढायला ही संकेतस्थळं चांगलीच आहेत. पदक ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या मराठी माणसाचं असेल, तर मात्र त्यांचा सगळ्यात मोठा साठा आपल्या कामाचा नाही. फुकट मिळणाऱ्या तीन-चार सोयी त्याहून जास्त देतात आणि उरलेली माहिती बेळगावात, दिल्लीत किंवा घरातल्याच जुन्या कागदांत असते. कुठून काय मिळतं, काय मिळत नाही आणि का, ते इथे पाहू. भर पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

आधी कड वाचा

कोणतीही सेवा वापरायची तर पदकावरचा मजकूर हाताशी हवा. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटर व्यासाचं असतं. पुढे पंचम जॉर्ज, मागे घोड्यावर बसलेला उघडा सेंट जॉर्ज आणि १९१४ व १९१८ ही सालं. त्याच्याबरोबरचं व्हिक्टरी मेडल ब्राँझचं, पंखवाल्या विजयदेवतेचं, इंद्रधनुषी फितीचं. या दोन्हींवर माणसाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण गोल कडेवर ठसवलेली असते. १९१४ चा स्टार आणि १९१४-१५ चा स्टार यांना कड नाही, म्हणून तोच मजकूर सपाट पाठीवर असतो.

कड वाचायला दहापट भिंग आणि मोबाइलची बॅटरी पुरते. प्रकाश वरून टाकला तर अक्षरं बुजतात. तो कडेला जवळजवळ समांतर, तिरपा टाका आणि पदक हळूहळू फिरवत सहा-आठ फोटो घ्या. मळ असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झटका. पितांबरी, चिंच, राख, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. ठसवलेली अक्षरं आधीच उथळ असतात. दर दसऱ्याला घासलेल्या पदकावर पलटणीचा आकडाच उडालेला असतो, आणि नेमका तोच हवा असतो.

मजकूर रोमन लिपीत आणि संक्षिप्त असतो. 'एसईपी' म्हणजे शिपाई, 'एनके' नाईक, 'एल-एनके' लान्स नाईक, 'एचएव्ही' हवालदार, 'जेईएम' जमादार, म्हणजे आजचा नायब सुभेदार. 'एसपीआर' हा सॅपर, म्हणजे खणकाम-बांधकाम करणारा शिपाई. 'डीव्हीआर' हा ड्रायव्हर, पण पहिल्या महायुद्धातला ड्रायव्हर बहुधा खेचरांचा, मोटारीचा नव्हे. घरात 'आजोबा मोटार चालवायचे' अशी समजूत असेल तर ती पुन्हा तपासा. पलटणीच्या आधी आडवी रेघ देऊन दोन आकडे असतील तर पहिला बटालियनचा, दुसरा पलटणीचा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो शिपाई क्रमांकाचा. तो आजच्यासारखा साऱ्या सैन्यात एकमेव नसे, प्रत्येक पलटणीची स्वतःची मालिका असे. त्यामुळे एकच चार आकडी क्रमांक ११० व्या मराठ्यांतही सापडतो आणि ११७ व्यातही. क्रमांक आणि पलटण ही जोडी धरूनच शोध घ्या.

दुसरा घोटाळा १९२२ च्या फेररचनेचा. पदकावर '११०' असतं आणि घरातली माणसं 'पाचवी मराठा' म्हणत असतात. दोन्ही बरोबर असू शकतं. १९२२ मध्ये जुन्या पलटणी एकत्र करून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ वी झाली तिची पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. जंगी पलटण आणि काळी पाचवी ही आजची ओळख अनुक्रमे जुन्या १०३ व्या आणि १०५ व्या पलटणीकडे जाते. '१११ महार' असं असेल तर काळ आपोआप आवळतो, कारण ती पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजच्या महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ ची, बेळगावची. या दोघींना एक समजून केलेला शोध भरकटतो.

पदकांचा संच स्वतःच बरंच सांगतो. १९१४ चा स्टार ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांनाच मिळाला. तेव्हा तिथे मराठा पलटणींपैकी एकही नव्हती. खडकीच्या ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या मात्र होत्या. मराठी नाव आणि हा स्टार अशी जोडी दिसली तर आधी सॅपर्स, मग वाहतूक आणि इस्पितळाच्या तुकड्या, या क्रमाने बघा. १९१४-१५ चा स्टार, चांदीचं मेडल आणि व्हिक्टरी असं त्रिकूट आणि कडेवर १०३, ११० किंवा ११७ असेल, तर माणूस बहुतेक मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकमधला. घरच्या भाषेत 'बसऱ्याला गेलेला'. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं नसून ब्राँझचं असेल तर ते नकली समजून टाकू नका. लेबर कोअरच्या मजुरांना तेच ब्राँझमध्ये दिलं गेलं, आणि ते चांदीच्या मेडलपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. चांदीचं मेडल संचातून गायब असणं तर नेहमीचंच. ते कुठे गेलं हे सोनाराला ठाऊक.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ब्रिटनने आपल्या शिपायांना बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, वॉर मेडल वगैरे नाव न घालता दिली. हिंदी सैन्याची पदकं मात्र नाव घालून आली. त्यामुळे मराठी शिपायाच्या घरात बिननावाचा बर्मा स्टार निघाला तर तो मूळचा त्यांचाच असं गृहीत धरू नका. मूळ हरवल्यावर बाजारातून आणलेला असू शकतो. भारताचा नकाशा असलेलं इंडिया सर्व्हिस मेडल देशातल्या तीन वर्षांच्या बिनलढाईच्या सेवेचं. 'आजोबा बर्मात लढले' ही कहाणी आणि संचात फक्त हे पदक आणि वॉर मेडल, असं असेल तर कहाणी पदकांशी जुळत नाही. अशोकचक्र आणि त्यावर मुकुट असलेलं, तिरंगी फितीचं पदक हे १९४७ चं स्वातंत्र्य पदक. ते असेल तर माणूस १५ ऑगस्ट १९४७ ला सेवेत होता, आणि ही फार उपयोगी बातमी आहे. का, ते बेळगावच्या भागात येईल.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन: मृतांसाठी पाचपैकी साडेचार गुण, परत आलेल्यांसाठी शून्य

युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या या आयोगाचं संकेतस्थळ फुकट, नोंदणीही लागत नाही, आणि १७ लाख नावांचा संग्रह आहे. युद्धात मेलेल्या मराठी शिपायासाठी याहून चांगली सेवा नाही. नोंदीत क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारक तर मिळतंच. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. माणूस आपलाच का, हे ठरवणारा पुरावा हाच.

बहुतेक जण इथे रिकाम्या हाताने परततात ते शोधाच्या पद्धतीमुळे. भारतीय शिपायाचं अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात भरलेलं असतं. 'जाधव' टाकलं तर 'रामा जाधव' सापडेलच असं नाही. म्हणून आडनावाच्या जागी 'रामा' टाका, खाली 'भारतीय सैन्य' हा पर्याय निवडा, युद्ध निवडा आणि पलटणीच्या रकान्यात फक्त 'मराठा'चं जुनं स्पेलिंग द्या, मधे 'एच' असलेलं. तरीही नाही आलं तर नाव पूर्ण रिकामं ठेवा, पलटण आणि तारखांची मर्यादा द्या, सगळी यादी स्प्रेडशीट म्हणून उतरवून घ्या आणि शिपाई क्रमांकानुसार लावा. क्रमांकावरून सापडलेला माणूस नावाच्या स्पेलिंगवर अवलंबून राहत नाही.

स्पेलिंगची तऱ्हा वेगळी सांगायला हवी. शिंदे 'सिंदे' होतो, पवार 'पोवार' किंवा 'पुवार', चव्हाण 'चवान' किंवा 'चौहान'. 'व' कधी 'व्ही'ने, कधी 'डब्ल्यू'ने. शेवटचा 'राव' कधी 'रो'. आडनाव मुळात नोंदलंच नसेल तर नावापुढे वडिलांचं नाव असतं. गावांचं तर विचारू नका. जिल्हा 'सातारा' लिहिला असला तरी गाव आज सांगलीत असू शकतं, कारण सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला. 'रत्नागिरी'तली मालवणकडची गावं १९८१ पासून सिंधुदुर्गात आहेत आणि 'कुलाबा' म्हणजे आजचा रायगड.

सेवेच्या मर्यादा नीट समजून घ्या. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, या काळात मेलेल्यांचीच नोंद आहे. पहिल्या युद्धात भारताचे सुमारे ७४,००० लोक मेले आणि दहा लाखांहून जास्त समुद्रापार गेले होते. म्हणजे परत आलेला पणजोबा इथे सापडणार नाही, आणि बहुतेक पणजोबा परतच आलेले आहेत.

दुसरी मर्यादा जास्त बोचणारी आहे. मेसोपोटेमियात मेलेल्यांचं बसरा स्मारक ४०,५०० हून अधिक लोकांचं आहे, पण भारतीय शिपायांची नावं त्याच्या भिंतीवर कोरलेलीच नव्हती, पलटणीखाली नुसता आकडा होता. नावं नोंदवहीत आहेत, म्हणून संकेतस्थळावर मिळतात. भिंतीच्या फोटोत शोधत बसू नका. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्याच चौकशीत मान्य केलं की आशियाई-आफ्रिकी मृतांपैकी निदान १,१६,००० जणांची नावानिशी नोंद झालीच नाही किंवा स्मारकच झालं नाही. त्यामुळे घरात मृत्यूची पक्की परंपरा आहे आणि नोंद मात्र नाही, असं होऊ शकतं. अशा वेळी चौकशीचा अर्ज पुराव्यासकट पाठवावा, आयोग नव्या नोंदी घेतो.

घरात ब्राँझची मोठी तबकडी असेल, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, ब्रिटानिया आणि सिंह असलेली, तर ती मृताच्या वारसांना मिळालेली स्मृतिफलक आहे. तिच्यावर चौकटीत उठावाचं नाव असतं, हुद्दा नाही, पलटण नाही, क्रमांक नाही. मुद्दाम तसं केलं होतं, सगळे मृत सारखे म्हणून. माग काढणाऱ्याची मात्र त्याने पंचाईत होते. 'बाबाजी मोरे' असे पाच निघाले तर गावाच्या रकान्याशिवाय दुसरा उपाय नाही.

लंडनचं नॅशनल आर्काइव्ह्ज: तीन

पहिल्या महायुद्धाच्या पदकांची जी कार्डं ब्रिटिश सरकारने बनवली ती इथे 'डब्ल्यूओ ३७२' या संग्रहात आहेत. नावाने शोध फुकट, कार्डाची प्रतिमा विकत. कार्डावर पदकं, क्रमांक, हुद्दा आणि स्टार मिळाला असेल तर रणांगणात उतरल्याची तारीख असते. भारतीय शिपायांची कार्डं आहेत, पण सगळ्यांची नाहीत. हिंदी सैन्याच्या पदकांचा बराच कारभार भारतातूनच झाला. म्हणून कार्ड नाही मिळालं की 'पदक खोटं' हा निष्कर्ष काढू नये. विक्रेते हा मुद्दा पुढे करून भाव पाडतात, तेव्हा हे लक्षात असू द्या.

खरा माल आहे तो 'डब्ल्यूओ ९५' मध्ये, पलटणींच्या युद्धदैनंदिन्यांत. मेसोपोटेमियाच्या दैनंदिन्या पलटणवार आहेत. त्यांत शिपायाचं नाव सहसा येत नाही, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती हे तासागणिक कळतं. ११० वी आणि १०३ वी या दोन्ही ६ व्या पुणे डिव्हिजनच्या. डिव्हिजनची आघाडी ६ नोव्हेंबर १९१४ ला फाव या बसऱ्याजवळच्या किनाऱ्यावर उतरली आणि डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियातल्याच कूट या गावी तुर्कांना शरण गेली. कड वाचून पलटण कळली की घरातल्या तुटक आठवणी या दैनंदिनीच्या बाजूला ठेवून तपासता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या शौर्यपदकांसाठी 'डब्ल्यूओ ३७३' पाहा. तिथे शिफारशीचा मूळ कागद असतो, कोणत्या दिवशी काय केलं यासकट, आणि त्यात भारतीय शिपायांची नावं भरपूर आहेत. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांच्यासारखे व्हिक्टोरिया क्रॉसवाले तर सर्वांना ठाऊक आहेत, पण मिलिटरी मेडल किंवा आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) मिळालेल्या कमी माहितीतल्या माणसांसाठी ही जागा सोन्याची आहे. घरात शौर्यपदक असेल तर पहिला तास इथेच घालवा.

ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या, दप्तराबद्दल थोडक्यात: तिथे अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी आहेत, साध्या शिपायांच्या नाहीत. पणजोबा सुभेदार-जमादार असतील तर छापील आर्मी लिस्ट उपयोगी. शिपायासाठी तिकडे माणूस पाठवण्याचा खर्च करू नका.

वर्गणीची संकेतस्थळं: दीड

अ‍ॅन्सेस्ट्रीवर पदकांची कार्डं आणि पदकयाद्या आहेत. कार्डाच्या दोन्ही बाजू दिसतात, हा एक खरा फायदा. पण लोक वर्गणी भरतात ती सेवापुस्तिकांसाठी, आणि पहिल्या महायुद्धाच्या ज्या सेवापुस्तिका तिथे आहेत त्या ब्रिटिश सैन्याच्या आहेत. त्यांतल्याही निम्म्याहून जास्त १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. हिंदी सैन्याच्या शिपायाची पुस्तिका लंडनला कधी गेलीच नाही. महिनाभराची वर्गणी भरून हवी ती कार्डं उतरवायची आणि बंद करायचं, एवढाच याचा उपयोग. तेवढ्यासाठी घेणार असाल तर चौदा दिवसांची चाचणी बघा, पण आपोआप पुढे चालू होणाऱ्या वर्गणीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

इम्पीरियल वॉर म्युझियमचं 'लाइव्ह्ज ऑफ द फर्स्ट वर्ल्ड वॉर' फुकट आहे. त्यात भर घालणं २०१९ मध्ये बंद झालं, पण वाचायला चालू आहे. कार्डांवरून तयार केलेल्या नोंदी असल्याने नावाची पहिली चाचणी इथे घ्यायला हरकत नाही.

दोन अनपेक्षित जागा

लिलावगृहांच्या जुन्या याद्या कोणी संशोधनाचं साधन मानत नाही, मानायला हव्यात. लंडनच्या नूनान्सने, म्हणजे पूर्वीच्या डिक्स नूनान वेबने, आपल्या जुन्या लिलावांचा संग्रह शोधता येईल असा खुला ठेवला आहे. तिथे पणजोबांचा क्रमांक आणि पलटण टाका. त्यांच्याच नावाचं दुसरं पदक कधी विकलं गेलं असेल तर ते सापडतं, आणि विक्रीच्या टिपणात तज्ज्ञाने केलेलं संशोधन आयतं मिळतं. त्याच पलटणीची इतर पदकं पाहून आपल्या पदकावरची अक्षरं, संक्षेप आणि ठशाची धाटणी जुळते का हेही तपासता येतं. चार गुण, आणि तेही फुकट.

कूटला पकडलेल्यांसाठी जिनेव्हाच्या रेड क्रॉसचा १९१४-१८ चा युद्धकैद्यांचा संग्रह आहे. यादी हाताने चाळावी लागते, नावं फ्रेंच-इंग्रजी मिश्र, आणि शोध सोपा नाही. पण १०३, ११० यांतला माणूस १९१६ नंतर कुठे होता हे सांगणारी दुसरी जागा क्वचितच सापडते.

पंजाबबद्दल वाचून इथे तसंच शोधणाऱ्यांसाठी: लाहोर म्युझियमच्या गावनिहाय नोंदवह्या २०२१ पासून ऑनलाइन येऊ लागल्या, त्या फक्त पंजाबच्या. मुंबई इलाख्यासाठी तशी नोंदवही ऑनलाइन नाही. गावातल्या चावडीवर किंवा शाळेत '१९१४-१९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले' अशी संगमरवरी पाटी असेल तर तिच्यावर आकडाच मिळेल. साताऱ्याचं अपशिंगे त्यातलं सर्वांत गाजलेलं.

कोकणातल्या खलाशी कुटुंबांसाठी वेगळी वाट. मर्कंटाइल मरीन वॉर मेडल ब्राँझचं, फीत हिरवी-लाल मधे पांढरी, आणि कडेवर फक्त नाव. मृत खलाशांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकावर आहेत, ती आयोगाच्या संकेतस्थळावर 'बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल' या नावाखाली चाळता येतात. दोन हजारांहून जास्त नावं आहेत, बरीचशी आडनावाविना.

बेळगाव, खडकी, दिल्ली

परत आलेल्या शिपायाची वाट इथूनच जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र खडकीला आणि महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला आहे. पत्र साधं लिहा, पण त्यात ही माहिती हवीच: पदकावर आहे तसंच्या तसं नाव आणि क्रमांक, हुद्दा, जुनी आणि नवी पलटण, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा जुन्या नावासकट, अंदाजे भरती आणि निवृत्तीचं साल, तुमचं वारस म्हणून नातं आणि ओळखपत्राची प्रत. कडेचे फोटो जोडा. 'माझे पणजोबा सैन्यात होते, कृपया माहिती द्या' एवढ्याच मजकुराचं पत्र कुठल्याही कार्यालयात पडून राहणार. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. तीस दिवसांची मुदत असते.

आता नियम. पेन्शन न घेता सुटलेल्या शिपायाचे कागद सेवा संपल्यावर २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद सैन्याच्या नियमावलीत आहे. युद्धापुरते भरती होऊन १९१९ किंवा १९४६ मध्ये सुटलेले हजारो लोक याच गटातले. त्यांच्याबद्दल 'नोंद उपलब्ध नाही' असं उत्तर येतं आणि लोक ते कार्यालयाचं टाळणं समजतात. बहुतेक वेळा कागद खरोखरच नसतो. पेन्शनर असेल तर आशा बरी. म्हणूनच १९४७ चं स्वातंत्र्य पदक महत्त्वाचं: युद्धानंतरही सेवेत राहिलेला माणूस पेन्शनपर्यंत गेलेला असण्याची शक्यता जास्त.

कागद नष्ट झालेल्यांसाठी एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. राज्य सरकारची दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनी माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मदत आहे. आजीने कधी त्यासाठी अर्ज केला असेल तर त्या फाइलमध्ये डिस्चार्ज सर्टिफिकेटची नक्कल असू शकते. मूळ घरी हरवलेलं, नक्कल तिथे. घरी मूळ सापडलंच तर ते लॅमिनेट करू नका. घड्यांवर सेलोटेप तर नकोच. प्लास्टिक आणि चिकट थर दोन्ही शाई खातात. आम्लरहित पाकिटात सपाट ठेवा.

दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आपलं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ चालवतं. नोंदणी करून सैन्य विभागाच्या जुन्या फाइली शोधता येतात. शोध फाइलच्या शीर्षकात होतो, आतल्या मजकुरात नाही. त्यामुळे शिपायाचं नाव टाकून काही मिळत नाही. पलटण, साल आणि 'मेडल', 'ग्रॅच्युइटी', 'पेन्शन' असे शब्द टाका. संयमाचं काम आहे. तरीही शिपायाचं नाव क्वचितच.

खासगी शोधक, आणि पदक बाहेर पाठवणं

लंडनमध्ये तासावर काम करणारे शोधक मिळतात. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: हिंदी सैन्याच्या शिपायासाठी तुम्ही नेमक्या कोणत्या संग्रहात बघणार? उत्तरात 'डब्ल्यूओ ९५' किंवा 'डब्ल्यूओ ३७३' यांतलं काही आलं नाही आणि नुसतं 'सेवापुस्तिका काढून देतो' असं आलं, तर पैसे देऊ नका. ती पुस्तिका तिथे नाही.

बाजारातल्या जाणकाराला दाखवताना दोन फसव्या गोष्टी तपासा. ओतीव नक्कल भिंगाखाली खडबडीत, बारीक छिद्रांची दिसते आणि कडेवर साच्याची रेघ असते. दुसरी फसवणूक नाव बदलण्याची: मूळ नाव कानशीने घासून नवं ठसवतात. व्हर्नियर कॅलिपरने व्यास चार-पाच दिशांनी मोजा. घासलेलं चांदीचं मेडल ३६ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरतं, किंवा एका दिशेला कमी आणि दुसऱ्या दिशेला पूर्ण. घरचं वंशपरंपरेचं पदक असेल तर हा धोका कमी. मात्र नातेवाइकाने 'हरवलेलं परत आणलं' असं सांगून दिलेलं असेल तर मोजाच.

मूल्यांकनासाठी किंवा लिलावासाठी पदक परदेशी कुरिअर करण्याचा सल्ला काही जण देतात. तो घेऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाची पदकं १९१९ नंतरच्या काही वर्षांत वाटली गेली, त्यामुळे ती आता या मर्यादेत आली आहेत. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात विचारा. तिकडच्या तज्ज्ञाला तसंही पदक हातात लागत नाही; कडेचे तिरप्या उजेडातले फोटो, दोन्ही बाजूंचे फोटो, व्यास आणि ग्रॅममधलं वजन एवढं ईमेलने पाठवलं की त्याचं काम भागतं.